धोंड्याच्या महिन्यातला विमा

त्या रविवारी जावयाच्या पदरात काय काय पडणार, याचा हिशोब सुनंदाबाईंनी पुरण वाटता वाटताच मांडून टाकला होता. अधिक महिना, म्हणजे धोंड्याचा महिना, तीन वर्षांनी एकदा येतो आणि जावयाला नारायण करून जातो. तेव्हा मुकुलच्या नावावर पहिली जमा, ताम्हनभर अनारसे आणि चांदीची निरांजनं. दुसरी, सासूच्या हातचे पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार आणि आग्रह. तिसरी जमा डोळ्यांना दिसणारी नव्हती, पण वजनाला सगळ्यांत भारी: अख्खा दिवस त्याचा शब्द कुणी खाली पडू देणार नव्हतं. अंधेरीची औषधकंपनी बंद पडून मुकुलची नोकरी गेली, तेव्हापासून लोक त्याच्या बोलण्याला माना डोलवायचे आणि करायचं ते करायचे. अशा माणसाला एक दिवसाचं नारायणपण म्हणजे काही थोडं नव्हे. आणि चौथी जमा, सासऱ्याच्या घराचा विमा.

ही चौथी जमा श्यामसुंदरांच्या डोक्यातून निघालेली. मुकुल हल्लीच विमा एजंट झाला होता. जावयाला वाण द्यायचंच आहे, घराचा विमा काढायचाच आहे, मग त्याच्याकडूनच काढला की एका फेरीत दोन्ही कामं उरकतात. तसं झालं तर निरांजनांची गरज आहे का, असं त्यांनी बायकोला दबक्या आवाजात विचारूनही पाहिलं. सुनंदाबाईंनी चष्म्यावरून नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. संध्याकाळी निरांजनं घरात आली.

विम्याचं वारं घरात शिरलं ते बी विंगेतल्या देसायांचा एसी पेटला तेव्हा. माणसं बचावली, पण पडदे, सोफा, कपाटातल्या पैठण्या, सगळ्याचा कोळसा झाला. तरी देसाई निर्धास्त होते, कारण त्यांचा विमा होता. विमा काढून देणारा माणूस इतका गोड, की विचाराल त्याला हो म्हणायचा. आग विझल्यावर मात्र तो गोड माणूस फोन उचलेना आणि कंपनी रोज एक नवीन कलम दाखवू लागली. तेव्हापासून मुलुंडच्या नवघर रस्त्यावरच्या या सोसायटीत विमा काढावा का, असं कुणी विचारत नव्हतं. भरवसा कोणाचा धरावा, एवढंच विचारत होते.

आणि इथेच घरात तट पडले. कांदिवलीला राहणारा मुलगा केयूर फोनवरच्या एका नव्या कंपनीच्या बाजूचा. माणूस नाही, कागद नाही, चार ठिकाणी बोट टेकवलं की विमा, वर स्वस्त. श्यामसुंदर मुकुलच्या बाजूचे, आधी सांगितलेल्या हिशोबापायी. खरी गंमत स्वयंपाकघरात होती. अनारसे तळणारी सून सई हळूच म्हणाली, की आई, केयूरला सांगू नका, पण माझं मत जिजूंना. वेळ पडली तर जिला शिव्यासुद्धा घालता येत नाहीत, असल्या कंपनीचं करायचं काय? आणि शेजारी पुरणाचे गोळे वळणारी लेक गंधाली, खुद्द मुकुलची बायको, म्हणाली, "आई, मुकुलकडून घेऊ नका गं. उद्या क्लेमचं काही वाकडं झालं, तर मी माहेरी कुठल्या तोंडानं येऊ?"

मग आवाज आणखी खाली आणून तिनं उरलेलंही सांगून टाकलं. महिनाअखेरपर्यंत मुकुलला तिसरी पॉलिसी आणायची होती. दोन झाल्या होत्या. तिसरी नाही आली तर एजन्सी काढून घेऊ, असं त्याच्या वरच्या साहेबानं बजावलं होतं. हेही काम गेलं तर तो मनातून खचेल गं, असं गंधाली म्हणाली आणि डोळे पुसून पुन्हा, पण त्याच्याकडून घेऊ नका.

म्हणजे दोघी आपापल्या नवऱ्यांविरुद्ध उभ्या. सुनंदाबाईंना मनातून बरं वाटलं. संसार मुरल्याशिवाय अशी अक्कल येत नाही. तेवढ्यात कढईतला एक अनारसा तुपात सुटून पसरला. अनारसा असा फुटला की तो हसला म्हणतात. सई हळहळली.

"हसू दे त्याला," सुनंदाबाई म्हणाल्या. "घरात तोच एक आहे, ज्याला कोणाची बाजू घ्यायची नाहीये."

त्यांना स्वतःला विम्यातून मिळवायचं होतं ते वेगळंच होतं. त्यांना धाकटा दीर परत हवा होता.

सासऱ्यांच्या, अप्पांच्या, जुन्या घराची नवी इमारत झाली तेव्हा दोघा भावांना एकावर एक फ्लॅट मिळाले. सातव्या मजल्यावर श्यामसुंदर, सहाव्यावर जयवंत. जयवंतरावांची बायको गेल्यापासून ते रोज वरच जेवायला असत. गेल्या गणपतीत त्यांच्या बेडरूमच्या छताला कोपऱ्यात ओल दिसली आणि दिवाळीपर्यंत तिचा पापड होऊन पोपडे पडू लागले. वर श्यामसुंदरांचं आतलं बाथरूम होतं. आता जो माणूस आयुष्यभर पाणी खात्यात इंजिनिअर होता, ज्यानं अर्ध्या उपनगराच्या गळत्या शोधल्या, त्याच्याच बाथरूममधून पाणी गळतं, हे त्यानं मान्य कसं करावं? पाणी बाहेरच्या भिंतीतून येतंय, डक्टमधून येतंय, शेजारच्यांच्या पाइपातून येतंय, असे त्यांनी जयवंतरावांना नकाशे काढून दाखवले. जयवंतरावांनी नकाशे पाहिले आणि म्हणाले, "दादा, तुझ्याकडूनच येतंय." झालं. दिवाळीच्या फराळाला ते वर आले नाहीत आणि त्यानंतर आलेच नाहीत.

श्यामसुंदरांची समजूत होती की वहिनीनंही खाली डबा देणं बंद केलंय. सुनंदाबाई डबा देत नव्हत्याच. त्या तो लिफ्टमध्ये ठेवायच्या आणि सहाचं बटण दाबायच्या. पुढे लिफ्टनं काय करावं, हा लिफ्टचा प्रश्न.

धोंड्याच्या जेवणाला मात्र नाही म्हणता येत नाही. पुतणीच्या नवऱ्याचा मान. जयवंतराव आले, डबा बंद करा म्हणून रिकामे डबे परत न आणता, यावरून सुनंदाबाईंनी ओळखलं की माणूस भांडायला आलेला नाही. ते गॅलरीतल्या खुर्चीत बसले. श्यामसुंदर दारातल्या खुर्चीत. दोघांच्या मधून मांजर जेमतेम गेलं असतं.

"सुनंदा, जयाला विचार, पन्हं घेणार का," श्यामसुंदर म्हणाले.

"वहिनी, सांगा, साखर कमी असली तर घेईन," जयवंतराव म्हणाले.

सुनंदाबाई आतून ऐकत होत्या. दिवाळीपासूनचं हे पहिलं संभाषण. त्यांनी साखर कमी घातली.

जेवणं व्हायला अवकाश होता, म्हणून विम्याचा विषय आधी निघाला. केयूरनं फोन सगळ्यांपुढे फिरवला. घराची किंमत विचारली होती तिथे त्यानं दोन कोटी टाकले होते, आणि दोन कोटींच्या मानानं हप्ता खरंच कमी दिसत होता. श्यामसुंदरांचीही मान हलली. गंधालीनं तर दादच दिली, आणि मुकुल तिच्याकडे पाहतोय असं दिसल्यावर ताटं घ्यायला आत गेली.

"दोन कोटी कसले, केयूर?" मुकुलनं विचारलं.

"मार्केट रेट आहे जिजू. मुलुंड ईस्ट. कमीच टाकलेत."

"त्यातली अर्ध्याहून जास्त जागेची किंमत आहे. जमीन जळत नाही रे. उद्या इमारत पडली तर पुन्हा बांधायला जे लागेल तेवढंच मिळतं. उगाच दुप्पट रकमेवर हप्ता कशाला भरायचा? माझ्याकडूनही काढलात तरी मी कमीच लिहीन."

सुनंदाबाईंनी ही नोंद करून ठेवली. रक्कम कमी म्हणजे याचं कमिशनही कमी. हा आपल्याच पोळीवरचं तूप निथळून ठेवतोय. पण एवढ्यानं त्या भुलणाऱ्या नव्हत्या. देसायांचा गोड माणूसही सुरुवातीला असाच भला वाटला होता. शिवाय गंधालीनं सांगितलेलं त्यांच्या कानात होतं. गरजू माणूस एकदा खरं बोलतो, ते दुसऱ्यांदा खोटं खपावं म्हणून.

मग श्यामसुंदरांनी घसा साफ केला. त्यांनी मनात बरेच दिवस शिजवलेलं आता वाढायला घेतलं. कोणाचा का होईना, विमा निघाला की जयाच्या छताचं काम त्यातून करून टाकू. कारण काय, पाणी कुठून येतं, याचा काथ्याकूट नको. कंपनीच सगळं भरेल. कुणाला भुर्दंड नाही, कुणावर ठपका नाही.

हे ते भिंतीकडे बघून बोलले, पण बोलले. आणि सुनंदाबाईंनी पाहिलं की गॅलरीतल्या खुर्चीत जयवंतरावांचे खांदे जरा सैल झाले. भाऊ चुकलो म्हणत नव्हता, पण छत करून देतो म्हणत होता. एवढ्यावर जयवंतराव तडजोड करतील, हे सुनंदाबाईंना त्यांच्या खांद्यांवरून कळलं. उद्यापासून डबा लिफ्टनं धाडायला नको.

आता खरं तर गप्प बसायला हवं होतं. पण अप्पांच्या घरात चाळीस-पंचेचाळीस वर्षं काढलेल्या बाईला काही सवयी मोडता येत नाहीत. अप्पांचा नियम होता: ज्यानं तुला एकदाही नाही म्हटलेलं नाही, त्याच्याकडून काही विकत घेऊ नकोस. ही जागासुद्धा अप्पांनी ज्या दलालाकडून घेतली, त्यानं आधीच सांगितलं होतं की इथे नाल्याचा वास येतो, आणि तुम्ही म्हाताऱ्या आईला घेऊन राहायला येणार असाल तर मी विकणार नाही. बाकीचे दलाल अत्तर शिंपडून जागा दाखवायचे.

"सई, त्या कंपनीला विचार बरं," सुनंदाबाई म्हणाल्या. "म्हणावं, खालच्या घराच्या छताला आधीपासून ओल आहे. विमा काढला तर भरून देणार का?"

सईनं केयूरच्या फोनवर टाइप केलं. उत्तर आलं तेही बोट उचलायच्या आत. पाण्यामुळे होणाऱ्या नुकसानीसाठी संपूर्ण संरक्षण, निश्चिंत राहा, पुढे जाण्यासाठी येथे दाबा. खाली एक हसरा चेहरा.

"बघ," केयूर खूश होऊन म्हणाला. "झकास. क्लियर हो म्हणतेय."

"प्रश्न वाचला तरी का तिनं?" सई म्हणाली. तिनं पुन्हा विचारलं, की ओल जुनी आहे, चालेल का. पुन्हा तेच उत्तर, तोच हसरा चेहरा. मग तिनं, आमच्या घरात मगर आहे, असं टाइप केलं. निश्चिंत राहा, येथे दाबा. जयवंतराव गॅलरीत खोकले; हसू आलं की ते खोकतात.

केयूर म्हणाला, मस्करी नको यार, पण फोन त्यानं खिशात टाकला.

"आता मुकुल, तू सांग," सुनंदाबाई म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांचा जीव दोन्हीकडे ओढला. अप्पांच्या नियमानं त्यांना नाही ऐकायचं होतं. पण हो ऐकलं, तर दोन भाऊ आज एका पंगतीत बसत होते, लेकीच्या नवऱ्याचं काम टिकत होतं. खोटं बोलायला माणसाला याहून पुण्याचं कारण मिळत नाही. हा हो म्हणणार, त्यांनी धरूनच टाकलं, आणि आपण त्याला मनातल्या मनात माफही केलं पाहिजे.

गंधाली ताटं हातात घेऊन दारातच थांबली होती. मुकुलनं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानं पिशवीतून फॉर्म काढला, एका प्रश्नावर बोट ठेवलं.

"आई, इथे विचारलंय, सध्या घरातून गळती आहे का, ओल आहे का. आमचे साहेब म्हणतात, नाही लिही आणि मोकळा हो. मी ते लिहिणार नाही. आणि हो लिहिलं तर जुन्या ओलीचं काही मिळणार नाही."

"म्हणजे जयाच्या छताचं?" श्यामसुंदरांनी विचारलं.

"नाही मिळणार, बाबा. उद्या सर्व्हेअर येईल, काकांच्या छताला बोट लावेल आणि सांगेल की हे जुनं आहे. देसायांचं तेच झालं. त्यांच्या त्या माणसानंही फॉर्ममधली अशीच एक जागा परस्पर भरली होती."

"मग तुमच्या कंपनीचा उपयोग काय, जिजू?" केयूर.

"पुढे होईल त्याच्यासाठी ती. झालंय त्याचं आपलं आपण निस्तरायचं."

सुनंदाबाईंचा अंदाज चुकला होता, आणि ज्या बाईचे अंदाज फारसे चुकत नाहीत तिला चुकल्याचं सुख क्वचितच होतं. त्या दिवशी झालं. पण ते फार वेळ टिकलं नाही. श्यामसुंदर उठले. मग विमाच नको कोणाचा, म्हणाले. जयवंतरावांचे खांदे पुन्हा ताठ झाले आणि चपला कुठे काढल्यात ते ते नजरेनं शोधू लागले. जावयाची तिसरी पॉलिसी गेली, दिराचं छत गेलं, आणि धोंडे निवायला लागले.

"आधी वाण," सुनंदाबाई म्हणाल्या. "पानं थांबतील, नारायणाला थांबवता येत नाही."

पाट मांडले. मुकुल आणि गंधाली बसली. सईनं रांगोळीचं बोट फिरवलं. सुनंदाबाईंनी दोघांना ओवाळलं, ताम्हन मुकुलच्या हातात दिलं. हसलेल्या अनारशांची भरपाई सईनं बाजारच्या अनारशांनी केली होती आणि ते वेगळे ओळखू येत होते, पण त्याबद्दल बोलायची वेळ नव्हती. या घरात एक रीत आहे. वाण दिल्यावर सासऱ्यानं विचारायचं, नारायणा, आणखी काय हवं? आणि जावयानं म्हणायचं, काही नको, तुमचा आशीर्वाद पुरे. अप्पांच्या वेळेपासून प्रश्नही तोच, उत्तरही तेच. श्यामसुंदर रुसलेले होते, तरी रीत म्हणून हात जोडून पुटपुटले.

"नारायणा, आणखी काय हवं?"

मुकुल ताम्हन मांडीवर घेऊन बसला होता.

"बाबा," तो म्हणाला, "आतल्या बाथरूमच्या फरशा काढा. पाऊस लागायच्या आत."

गंधालीनं कपाळाला हात लावला. केयूरनं, आधी कधी न पाहिलेल्या वस्तूकडे पाहावं तसं, जिजूंकडे पाहिलं. श्यामसुंदरांनी बायकोकडे पाहिलं. वाट अशी लागली की सोडवणारी तीच. पण सुनंदाबाई निरांजनाची वात सारखी करत होत्या, आणि वात काही केल्या सारखी होत नव्हती.

"त्या फरशा मी स्वतः उभं राहून बसवून घेतल्यात," श्यामसुंदर म्हणाले.

"म्हणून तर तुम्हालाच मागतोय. खाली गळती कुठे आहे, ते तुम्ही एका मिनिटात शोधाल. दुसरं कोण शोधणार?"

गॅलरीच्या दारातून जयवंतराव आत आले होते. "दादा," ते म्हणाले, "नारायणाला नाही म्हणतोस?"

"तू गप बस रे, जया."

मध्ये सुनंदाबाई नव्हत्या, सांग नव्हतं, विचार नव्हतं. दादा, आणि जया. सुनंदाबाईंनी ती दोन वाक्यं जमेच्या बाजूला लिहून टाकली आणि वात लगेच सारखी झाली.

श्यामसुंदरांनी पाटाच्या रांगोळीकडे पाहिलं. मग म्हणाले, की मोरीच्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपचा जॉइंट असणार. बसवतानाच मला तो पटला नव्हता. उद्या प्लंबरला बोलवू. जया, तू सकाळी खाली थांब, मी वरून पाणी सोडतो, तू छताकडे बघ.

"आत्ता जेवू या," जयवंतराव म्हणाले, आणि भावाच्या शेजारचं पान धरून बसले. वाढताना सुनंदाबाईंनी जावयाच्या धोंड्यावर इतकं तूप ओतलं की गंधालीला म्हणावं लागलं, आई, पुरे, त्याला कोलेस्टेरॉल आहे. केयूर तेवढ्यात मुकुलच्या कानाशी लागला होता: माझ्या फ्लॅटचं काय करू, कांदिवलीच्या, तिथे काही गळत नाही, आईशप्पथ. सई पलीकडून म्हणाली, खोटं, किचनचा नळ गळतोय, तो आधी दुरुस्त कर. मुकुल हसला आणि म्हणाला की नळ चालेल.

आता शेवटचा हिशोब, म्हणजे कोणी काय भरलं. फरशा, प्लंबर आणि नवा ट्रॅप श्यामसुंदरांनी भरला, आणि त्याहून जड म्हणजे, फरशी उचलल्यावर प्लंबरसमोर, केयूरसमोर आणि खालून जिना चढून आलेल्या जयाच्या समोर, "आमच्याकडूनच येत होतं," हे तीन शब्द. छताच्या रंगाचे पैसे जयवंतरावांनी हट्टानं स्वतः दिले, कारण रंग त्यांना त्यांच्या पसंतीचा हवा होता. केयूरनं हप्ता भरला, कांदिवलीच्या घराचा, महिना संपायच्या आदल्या दिवशी, आणि तो मुकुलची तिसरी पॉलिसी झाला. सातव्या आणि सहाव्या मजल्याचे फॉर्म छत वाळल्यावर भरले गेले. गळतीच्या प्रश्नापुढे मुकुलनं नाही लिहिलं, दोन्हीकडे, खरंखुरं. साहेबाची बोलणी त्यानं खाल्ली, इतके दिवस लावल्याबद्दल. सुनंदाबाईंचं एकच नुकसान झालं, की लिफ्टनं डबा धाडण्यातली मजा गेली.

आणि विमा कंपनीनं त्या छतासाठी काय भरलं? एक छदामसुद्धा नाही. तसं तिच्या माणसानं आधीच सांगितलं होतं, आणि सुनंदाबाईंचा तिच्यावर भरवसा बसला तो त्याच्यामुळेच.